माजी सैनिकाचे अनुदान : मंजुरीपासून उंबरठ्यापर्यंत

चेंबूर हे नाव महाराष्ट्रातील शेतकऱ्यास नवखे नाही. मुंबईच्या उपनगरातील ह्या भागात ट्रॉम्बेचा खत कारखाना १९६५ साली सुरू झाला आणि तेथे तयार होणारे ‘सुफला’ खत कोकणापासून विदर्भापर्यंत पोहोचले. परंतु ह्याच चेंबूरमध्ये पोस्टल कॉलनी रस्त्यावर आणखी एक काम अनेक वर्षे चालू आहे. त्याची वार्ता मात्र खताइतकी दूरवर गेलेली नाही. ‘नॅसोह’ ह्या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी एक संस्था १९६८ सालापासून अपंग व्यक्तींस धंदेशिक्षण देऊन त्यांना स्वतःच्या कष्टावर उभे राहण्यास साहाय्य करीत आली आहे. ही संस्था केवळ सैनिकांसाठी नाही. हात, पाय किंवा दृष्टी गमावलेल्या कोणाही माणसाला दयेपेक्षा कामाची संधी अधिक हवी असते, हे तिच्या कार्याचे सूत्र होय. नामवंत क्रिकेटपटू विजय मर्चंट यांचे नाव ह्या संस्थेशी निगडित आहे.

मर्चंट यांनी ज्यांना साहाय्य केले, त्यांत सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातून सैन्यात गेलेले मुरलीकांत पेटकर हे एक जवान होते. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना गोळ्या लागल्या व कायमचे अपंगत्व आले. मुंबईच्या ‘अश्विनी’ ह्या नौदल रुग्णालयात उपचार घेत असता ते पोहण्याकडे वळले. पुढे १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरलेल्या अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. त्या प्रवासाच्या खर्चाची तजवीज करण्यास मर्चंट पुढे आले होते. पुण्याच्या टेल्को कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली आणि २०१८ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

ह्या एका उदाहरणात साहाय्याच्या सर्व कड्या एकमेकींत गुंफलेल्या दिसतात. लष्कराचे रुग्णालय होते, समाजातील कार्यकर्ता होता, कारखान्यातील नोकरी होती. त्यांतील एखादी कडी निखळली असती, तर ह्या जवानाचे कर्तृत्व कदाचित जगापुढे आलेच नसते. परंतु सैन्यातून परतणाऱ्या प्रत्येक जवानाच्या जवळ मुंबईसारखे शहर नसते. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर, बुलढाणा अशा जिल्ह्यांतील बहुसंख्य जवान सेवा संपताच आपल्या गावी, आपल्या जिरायत तुकड्यावर परततात. तेथे ह्या कड्या कोणी जोडावयाच्या, हा खरा प्रश्न आहे. ह्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी गावपातळीवरील कार्यकर्त्याच्या हाती आहे.

साहाय्य कोणास हवे असते?

सैन्यातून आलेला प्रत्येक माणूस निवृत्तिवेतन घेतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. जवानास सेवा-निवृत्तिवेतन मिळण्यासाठी साधारणतः पंधरा वर्षांची सेवा पुरी व्हावी लागते. सेवेची ठरलेली मुदत संपल्यामुळे किंवा आस्थापनेत कपात झाल्यामुळे त्यापूर्वीच सेवामुक्त झालेले अनेक जवान खेड्यापाड्यांत आहेत. त्यांच्यापैकी काहींनी सीमेवर लढाया पाहिल्या आहेत. तथापि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या खात्यावर काहीच जमा होत नाही. अंगात बळ होते तोवर त्यांनी शेती केली, मजुरी केली, राखणदारी केली. आता वय झाले, गुडघे धरले, आणि घरात मिळवते कोणी नसले म्हणजे ह्या माणसांची परवड होते. त्यांच्या पश्चात राहिलेल्या पत्नीची अवस्था तर त्याहून बिकट असते, कारण आपल्याला काही मिळू शकते ह्याचीच तिला कल्पना नसते.

निवृत्तिवेतन हा सेवेतून प्राप्त झालेला हक्क आहे. अनुदानाचे तसे नाही. ते निधीतून दिले जाते, त्यासाठी अर्ज करावा लागतो, पात्रता सिद्ध करावी लागते, आणि काही अनुदानांना मुदतीचे बंधन असते. जो अर्ज करीत नाही त्याच्या घरी अनुदान आपण होऊन चालत येत नाही. हा भेद कार्यकर्त्याने प्रथम नीट समजून घ्यावा.

पैसा कोठून येतो?

अपंग सैनिकांच्या पुनर्वसनाचा विचार आपल्याकडे नवा नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत अपंग हिंदी सैनिकांसाठी ‘क्वीन मेरीज’ नावाची तंत्रशाळा निघाली. पुढे ती पुण्याजवळ खडकी येथे नेण्यात आली. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली केंद्र सरकारने ७ डिसेंबर हा दिवस ध्वजदिन म्हणून पाळण्याचे ठरविले. त्या दिवशी छातीवर लावावयाचा छोटा कागदी ध्वज देऊन जनतेकडून निधी गोळा करण्यात येऊ लागला. युद्धात पडलेल्यांच्या कुटुंबीयांसाठी, अंध सैनिकांसाठी व इतर कारणांसाठी असलेले निरनिराळे निधी १९९३ साली एकत्र करून ‘सशस्त्र सेना ध्वजदिन निधी’ अस्तित्वात आला.

ह्या निधीचा कारभार संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील केंद्रीय सैनिक मंडळ पाहते. महाराष्ट्रात सैनिक कल्याण विभागाचे मुख्यालय पुणे येथे असून जिल्ह्याजिल्ह्यांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. मुंबई उपनगर जिल्ह्यासाठीही स्वतंत्र कार्यालय आहे. ह्या कार्यालयांच्या आस्थापनेचा भार केंद्र व राज्य मिळून उचलतात. महाराष्ट्रासारख्या राज्यांत केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के असतो. जिल्ह्यातील सैनिक मंडळाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते.

म्हणजे कालवा बांधलेला आहे आणि त्याला पाणीही सुटलेले आहे. परंतु शेतचारी गाळाने भरलेली असेल तर टोकाचे शेत कोरडेच राहते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. अनुदानाचेही असेच होते. पाणी जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत येते. तेथून गावातील शेवटच्या घरापर्यंतची चारी साफ ठेवणे हे गावाचे काम आहे.

मुख्य अनुदाने व त्यांचे दर

केंद्रीय सैनिक मंडळामार्फत दिल्या जाणाऱ्या तीन अनुदानांचे दर संरक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दुप्पट केले. १ नोव्हेंबर २०२५ पासून आलेल्या अर्जांना हे नवे दर लागू आहेत. ही अनुदाने हवालदार व त्याखालील हुद्द्याच्या, तसेच नौदल व वायुदलातील तत्सम हुद्द्याच्या माजी सैनिकांसाठी व त्यांच्या विधवांसाठी आहेत.

पहिले, निर्वाह अनुदान. ज्यांना निवृत्तिवेतन नाही, ज्यांचे वय ६५ वर्षांपेक्षा अधिक आहे आणि ज्यांना नियमित उत्पन्न नाही, अशा माजी सैनिकांना किंवा त्यांच्या विधवांना पूर्वी दरमहा ४,००० रुपये मिळत. नवा दर दरमहा ८,००० रुपये आहे. वर्षाचे ९६,००० रुपये होतात. पावसाच्या भरवशावर दोन एकर पिकविणाऱ्या वृद्ध दांपत्यास हा आधार केवढा आहे, ह्याचा हिशेब वाचकांनी आपल्याच गावातील उदाहरण घेऊन करावा.

दुसरे, शिक्षण अनुदान. इयत्ता पहिलीपासून पदवीपर्यंत शिकणाऱ्या दोन मुलांपर्यंत प्रत्येकी दरमहा २,००० रुपये मिळतात. पूर्वी हा दर १,००० रुपये होता. पदव्युत्तर शिक्षणाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेणाऱ्या विधवेसही हे अनुदान मिळू शकते.

तिसरे, विवाह अनुदान. दोन मुलींपर्यंत प्रत्येकीच्या विवाहासाठी आता १,००,००० रुपये मिळतात. पूर्वी ही रक्कम ५०,००० रुपये होती. विधवेच्या पुनर्विवाहासही हे अनुदान आहे, ही गोष्ट गावात आवर्जून सांगण्यासारखी आहे. येथे एक अट विसरू नये. विवाहानंतर १८० दिवसांच्या आत अर्ज झाला पाहिजे. लग्नाची धावपळ, पाठोपाठ पेरणी, मग दिवाळी असे करता करता सहा महिने कसे निघून जातात ते कळत नाही, आणि मग हातचे अनुदान जाते.

ह्यांखेरीज व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेणाऱ्या माजी सैनिकांच्या मुलामुलींसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना २००६ पासून चालू आहे. वैद्यकीय साहाय्याच्याही योजना आहेत. कोण कोणत्या योजनेस पात्र आहे, हे सेवामुक्तीची तारीख, कारण व हुद्दा ह्यांवर अवलंबून असते. तो निर्णय जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा आहे. म्हणून ‘तुम्हाला काही मिळणार नाही’ असे परस्पर सांगून कोणासही परत पाठवू नये.

जखमी व अपंग सैनिकांसाठी संस्था

पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखाली किंवा मानेखाली शरीर निकामी झालेल्या सैनिकांसाठी खडकी येथे १९७४ सालापासून पक्षाघातग्रस्तांचे पुनर्वसन केंद्र आहे. तेथे निवास, शुश्रूषा, काम व खेळ ह्यांची सोय होते, आणि ह्या केंद्रास केंद्रीय सैनिक मंडळाकडून अनुदान मिळते. पुण्यातील कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालापासून सैनिकांना कृत्रिम हातपाय बसवून देत आहे. तेथे नागरिकांसही सेवा मिळते. मळणीयंत्रात किंवा कडबाकुट्टीत हात गमावलेल्या शेतकऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. मुंबई परिसरातील गरजूंना चेंबूरच्या संस्थेसारख्या ठिकाणी धंदेशिक्षणाची माहिती मिळू शकते. अनुदानाने घर चालते, तर शिक्षणाने माणूस चालू लागतो. दोन्हींची सांगड घातली तरच पुनर्वसन पुरे होते.

अर्ज कोठे अडतो?

अनुदानाचे अर्ज केंद्रीय सैनिक मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरावयाचे असून त्यांची छाननी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय करते. अर्ज भरणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. खरी अडचण कागदांच्या मेळात असते.

समजा, एक जवान नऊ वर्षांच्या सेवेनंतर कपातीत सेवामुक्त होऊन गावी आला. त्याने शेती केली, मुलींची लग्ने केली आणि वृद्धापकाळी तो वारला. त्याच्या पत्नीचे वय आज सत्तरीचे आहे. तिचे माहेरचे नाव एक होते. लग्नात, आपल्या चालीप्रमाणे, सासरचे दुसरे नाव ठेवण्यात आले. जवानाने सैन्यात नोंद करताना माहेरचे नाव सांगितले. आधार पत्रावर सासरचे नाव आले. बँकेच्या पुस्तकावर तिसऱ्याच प्रकारे लिहिले गेले. सरकारी दृष्टीने ह्या तीन स्त्रिया झाल्या. तिन्ही नावे एकाच बाईची आहेत हे सारा गाव जाणतो, परंतु कागद ते जाणत नाही. अशा वेळी बाई दोनदा तालुक्याला आणि एकदा जिल्ह्याला जाते, एस.टी.चे भाडे व दिवसाची मजुरी घालविते, आणि तिसऱ्या खेपेस नशिबाला दोष देऊन घरी बसते.

दुसरी अडचण पत्नीची व मुलांची नोंद मुळातच झालेली नसणे ही होय. जवानाचा विवाह किंवा अपत्याचा जन्म झाला म्हणजे त्याच्या पलटणीतून ‘पार्ट टू ऑर्डर’ निघून ती नोंद रेकॉर्ड ऑफिसात जावी लागते. ती राहून गेली असल्यास पतीच्या मृत्यूनंतर ती करून घेणे फार जिकिरीचे होते. तेव्हा माजी सैनिक हयात असतानाच नोंदी तपासून घ्याव्यात. रेकॉर्ड ऑफिस पलटणीनुसार निरनिराळ्या ठिकाणी असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावास, तोफखान्याचे नाशिक रोड येथे, तर बॉम्बे सॅपर्सचे खडकीस आहे. पत्रव्यवहार करताना सैनिक क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव व पलटण ही चार गोष्टी लिहिल्याखेरीज पत्र पाठवू नये.

तिसरी अडचण डिस्चार्ज बुकाची. हे पुस्तक म्हणजे माजी सैनिकाचा सातबारा होय. कित्येक घरांत ते पत्र्याच्या पेटीत, कधी कणगीच्या मागे पडलेले असते; त्यास वाळवी लागते, पाने चिकटतात, शाई उडते. ते आजच बाहेर काढून, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवावे व प्रत्येक पानाची स्पष्ट प्रत काढून घ्यावी.

ग्रामपंचायत काय करू शकते?

ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे ज्यांना २०२४ पर्यंत ग्रामसेवक म्हणत, यांच्या दप्तरातच ह्या अडचणींची अर्धीअधिक उत्तरे आहेत.

१. गावातील सर्व माजी सैनिक, त्यांच्या पत्नी व विधवा ह्यांची यादी करावी. त्यात सैनिक क्रमांक, पलटण, भरतीचे व सेवामुक्तीचे वर्ष, निवृत्तिवेतन मिळते किंवा नाही, वय व अपत्ये हे रकाने ठेवावेत. ज्यांच्यापुढे ‘निवृत्तिवेतन नाही’ असे लिहावे लागेल त्यांच्या घरी प्रथम जावे.

२. गावातील विवाहांची नोंदणी करण्याचे काम १९९८ च्या कायद्यान्वये ग्रामपंचायतीच्या पातळीवरच होते. सैनिकाच्या घरचा विवाह झाला की त्याच आठवड्यात नोंदणी करून दाखला द्यावा व १८० दिवसांच्या मुदतीची आठवण करून द्यावी.

३. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत होईल हे पाहावे. नोंदीतील नाव डिस्चार्ज बुकातील नावाशी ताडून घ्यावे. ह्या एका ओळीची काळजी घेतल्याने विधवेची पुढची वर्षानुवर्षांची वणवण वाचते.

४. नावांत तफावत असल्यास त्याच व्यक्तीची ती नावे आहेत असे प्रतिज्ञापत्र व त्यास पुष्टी देणारे शाळेचे, रेशनचे, विवाहाचे कागद एकत्र करून द्यावेत, आणि कोणता पुरावा चालेल हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयास आधी विचारून घ्यावे.

५. माजी सैनिकांच्या राहत्या घरास मालमत्ता करातून सूट देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२० साली घेतला. ही सूट ग्रामपंचायतीनेच द्यावयाची असते. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचा दाखला घेऊन पात्र घरांची नोंद कर आकारणीच्या वहीत करावी. वृद्ध जवानाने घरपट्टी भरली व नंतर त्यास सूट होती असे कळले, असे होऊ देऊ नये.

६. ७ डिसेंबरच्या आसपास ध्वजदिन निधी गोळा करताना तो पैसा कोणाच्या कामी येतो हेही सांगावे. निधी देणाऱ्या गावातीलच एखाद्या वृद्धेस त्याच निधीतून अनुदान मिळाले, तर पुढील वर्षी निधी मागावा लागणार नाही. लोक आपण होऊन देतील.

शेतीशी जोड

सेवेच्या अखेरच्या काळात जवानास पुनर्वसनासाठी प्रशिक्षण घेता येते. शेती व तिला पूरक असे धंदे ह्यांचा त्यात समावेश असतो. जवानांच्या प्रशिक्षणाचे शुल्क संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय भरते. रजेवर आलेल्या जवानास ह्याची माहिती द्यावी, म्हणजे परत येताना तो नुसती पेटी न आणता एखादी विद्या घेऊन येईल. सरकारी जमिनीच्या वाटपासंबंधीच्या राज्याच्या १९७१ च्या नियमांतही आजी-माजी सैनिकांचा विचार अग्रक्रमाने केलेला आहे.

कृषी कार्यकर्त्यांस आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. माजी सैनिकास वेळेची शिस्त असते, यंत्राची भीती नसते आणि नोंद ठेवण्याची सवय असते. पीक प्रात्यक्षिकासाठी असा शेतकरी शोधूनही सापडत नाही. ज्याला आपण अनुदान मिळवून देऊ, त्याच्याच शेतावर ठिबकाचे किंवा बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक घेतले, तर गावास नवा मार्ग दिसेल आणि त्या माणसास आपण अजून उपयोगी आहोत असे वाटेल.

सावधगिरी

अनुदानाचे दर वाढले की दलालही वाढतात. ‘मंजुरी करून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्यास थारा देऊ नये. अर्जदाराच्या बँक खात्यावरच रक्कम जमा होते. दूरध्वनीवर आलेला सांकेतिक क्रमांक कोणासही सांगू नये. उत्पन्नाचा किंवा अन्य साहाय्य न मिळाल्याचा दाखला खरा असेल तरच द्यावा. खोट्या दाखल्याने एक अपात्र माणूस आत येतो व त्यामुळे शंभर पात्रांच्या अर्जांकडे संशयाने पाहिले जाते.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर ह्या दिवशी ग्रामसभा भरतात. १५ ऑगस्टला गावातील माजी सैनिकांस हार घालण्याची रीत चांगलीच आहे. परंतु त्या दिवशी हारासोबत यादीही वाचली जावी. कोणाचा अर्ज झाला, कोणाचा राहिला आणि कोणता कागद कमी पडतो, हे ग्रामसभेपुढे यावे. देशाच्या सीमेवर उभा राहिलेला माणूस आपल्या गावच्या कचेरीबाहेर ताटकळत उभा राहू नये, एवढे करणे प्रत्येक गावास शक्य आहे. त्यासाठी नवी योजना नको, नवा पैसा नको. एक वही, एक पेन आणि दर महिन्याची एक फेरी पुरे.